भट्टीतले कुंकू

मनुष्याने घडविलेल्या बहुतेक वस्तूंचा न्याय उघड्यावर होतो. घागर गळकी निघाली तर ती घरी आणलेल्या दिवशीच कळते. चप्पल चावू लागली तर पाय सांगतो. तिरपे बसलेले कवाड येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहतो आणि सुताराचे नाव विचारतो. परंतु काही वस्तू अशा आहेत, की एकदा आपल्या जागी बसविल्या म्हणजे त्यांच्यावर मांसाचे व त्वचेचे आवरण चढते, आणि त्यांना घडविणारा हात पुन्हा कधीही त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. ज्याच्या देहात अशी वस्तू वसते, त्याला घडविणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. घडविणाऱ्यालाही त्याचा चेहरा ठाऊक नसतो. अशा कामात दोष लपविणे अतिशय सोपे असते. म्हणूनच तो आपल्या मुखाने सांगणे हे फार मोठे कर्म ठरते. एका साध्या माणसाने असे कर्म कसे केले, ते येथे सांगावयाचे आहे.

हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या दोन मोठ्या गोदामांच्या मध्ये, निळ्या फाटकाचा एक लहानसा कारखाना आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे बिस्किटे होतात की औषधांच्या बाटल्यांची झाकणे, हे सांगता येणार नाही. आत मनुष्याच्या मानेचे सांधे घडतात. मानेच्या दोन मणक्यांमधली मऊ गादी झिजली आणि मज्जातंतूंवर दाबू लागली, की हात बधिर होतात, बोटांतून पेला निसटतो, माणूस वर पाहणेच विसरतो. तेव्हा शल्यचिकित्सक ती गादी काढून तेथे कृत्रिम चकती बसवितात. धातूच्या चकत्या पूर्वीपासून होत्याच. या कारखान्याने मात्र सिरॅमिकची चकती करण्याचा संकल्प केला होता. सिरॅमिक म्हणजे चिनी मातीच्याच कुळातला, परंतु तिच्याहून कितीतरी पटींनी कठीण असा पदार्थ. ॲल्युमिना आणि झिर्कोनिया या दोन पांढऱ्या भुकट्या एकत्र करावयाच्या, साच्यात दाबावयाच्या आणि पंधराशे अंशांहून अधिक उष्णतेत भाजावयाच्या. प्रत्येक चकतीचे दोन तुकडे: वरचा खोलगट, खालचा फुगीर. एकावर एक ठेवले म्हणजे मान वळावी तसे ते अलगद सरकतात. हा पदार्थ गंजत नाही, आणि चुंबकीय तपासणीच्या यंत्रात धातूसारखी छाया पाडून वैद्याची दृष्टी अडवीत नाही.

कारखान्याचे मालक किशोर. ते मूळचे पुण्याचे अभियंते, आणि बारा वर्षांपासून हैदराबादेत स्थायिक झालेले. तपासणीचा विभाग त्याच शहरातल्या नल्लकुंट्याच्या प्रणिताकडे होता. तिची स्वाक्षरी झाल्यावाचून एकही तुकडा फाटकाबाहेर जात नसे. भट्टी होती केशवरावांच्या हाती.

केशवरावांचे घराणे उदगीरकडचे, ज्वारी आणि तूर पिकविणारे. आजोबा निजामाच्या राज्यात शहराकडे आले, तेव्हापासून ही मंडळी हैदराबादचीच झाली. केशवरावांनी सत्तावीस वर्षे विजेच्या खांबांवर बसणारे चिनी मातीचे इन्सुलेटर भाजले. तो कारखाना बंद पडल्यावर किशोर यांनी त्यांना शोधून, घरी जाऊन बोलावून आणले. त्यालाही सहा वर्षे झाली होती. भट्टीच्या काचेच्या झरोक्यातून आतला उजेड पाहून केशवराव अंश सांगत, आणि मागाहून यंत्रावरचा आकडा वाचला तर दहा-पंधरा अंशांचाच फरक निघे. दबलेला तुकडा भट्टीत सुमारे पंचमांशाने आकसतो. तो सर्व बाजूंनी सारखा आकसावा म्हणून उष्णता किती सावकाश चढवावी आणि किती धीराने उतरवावी, याचे ज्ञान त्यांच्या अंगात मुरले होते. भट्टीला ते ‘माय’ म्हणत.

आश्विनातली खंडेनवमी आली. तेथील कामगार तिला आयुधपूजा म्हणतात. जुन्या कारखान्यात त्या दिवशी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागे, झेंडूच्या माळा चढत, फाटकावर कोहळा फुटे. या कारखान्यात तसे करता येत नव्हते. भट्टीच्या दालनात जाताना पांढरा झगा, टोपी आणि पायांत पिशव्या घालाव्या लागत. फुलाची पाकळीसुद्धा आत न्यावयाची नाही असा नियम होता. किशोर यांनी एक तोड काढली. भट्टीचे मोठे रंगीत छायाचित्र चौकटीत बसवून त्यांनी ते अंगणात पाटावर मांडले, आणि पूजा त्याची व्हावयाची असे ठरविले.

पॉलिशच्या विभागातली भाग्यलक्ष्मी हार घालताना म्हणाली, “काका, फोटोत तुमची माय लई गोरी दिसायलीय. पावडर लावली का?”

“लाव तू हार. तोंड कमी चालव,” केशवराव म्हणाले. “फोटोला काय पूजायचं? भिंतीपलीकडं ती जित्ती बसलीय.”

किशोर हसले. “केशवराव, देव दगडात येतो, तर फोटोत नाही येणार?”

“देवाचं मला ठाव नै साहेब. भट्टी फोटोत येत नै.”

सगळे हसले. केशवरावही हसले. त्यांच्या हसण्यातले समाधान कशाचे आहे, हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांची पूजा त्याआधीच, त्याच सकाळी, कारखान्यात कोणी आलेले नसताना होऊन गेली होती.

अष्टमीला त्यांनी नियमाप्रमाणे भट्टीचा अंतर्भाग यंत्राने धूळ ओढून स्वच्छ केला होता, दोनदा पुसला होता, आणि तक्त्यावर ‘भट्टी स्वच्छ’ या ओळीपुढे स्वाक्षरी केली होती. नवमीला उजाडताच, पत्नीने बांधून दिलेली कुंकवाची पुडी झग्याच्या आत सदऱ्याच्या खिशात घेऊन ते आले. भट्टीचे दार उघडून त्यांनी आतल्या चौकटीला एक बोट टेकविले, आणि मग चिमूटचिमूट कुंकू आतल्या चारही कोपऱ्यांत सोडले. हात जोडून क्षणभर उभे राहिले. दार लावले. तेहतीस वर्षांत एकही भाजणी त्यांनी कुंकवावाचून सुरू केली नव्हती. कुंकू म्हणजे मळ, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. त्यामुळे अष्टमीची आपली स्वाक्षरी आता खोटी झाली, असेही त्यांना वाटले नाही.

दसऱ्यानंतर भट्टी भरली. चार ट्रे, प्रत्येकात दहा तुकडे, आणि मोडून परीक्षा घेण्यासाठी दोन जादा. हे तुकडे साधे नव्हते; आजवरच्या साऱ्या भाजण्या केवळ चाचणीच्या होत्या, त्यांतला एकही तुकडा कोणाच्या देहात गेला नव्हता. एका मोठ्या रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकांनी पहिल्या पाच रुग्णांच्या शस्त्रक्रियेच्या तारखा कार्तिकात निश्चित केल्या होत्या, आणि चकत्या याच भाजणीतून जावयाच्या होत्या. केशवराव दोन दिवस भट्टीपासून फारसे हलले नाहीत. उष्णता चढली, थांबली, उतरली. पाचव्या दिवशी दार उघडले तेव्हा तुकडे हस्तिदंतासारखे शुभ्र निघाले. त्यांनी हातमोज्यातल्या बोटाच्या नखाने एकावर टिचकी मारली. घंटेचा नाद निघाला.

“ऐकलं का, ताई?” ते प्रणिताला म्हणाले. “माझ्या जन्मात असा आवाज निघाला नव्हता.”

प्रणिताने मोजमाप घेतले. आकसणे सर्वत्र समान होते. मोडून पाहण्याचे दोन जादा तुकडेही अपेक्षेहून अधिक भार सोसून मग मोडले. त्या दिवशी किशोर यांनी सर्वांना इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे मागविली, आणि पहिला पेला केशवरावांच्या हाती दिला.

चौथ्या दिवशी भाग्यलक्ष्मी पॉलिशच्या चाकावरून मान वर करून ओरडली, “काका, तुमच्या लेकराला तीट कोणी लावली?”

पहिल्या ट्रेमधल्या एका तुकड्याच्या कडेला मोहरीच्या दशांशाएवढा एक डाग होता. तिला वाटले तेलाचा असेल. पुसला तर जाईना. त्याच ट्रेमधल्या आणखी दोन तुकड्यांवरही तसाच डाग निघाला. ते तिन्ही तुकडे प्रणिताने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठविले. चार दिवसांनी उत्तर आले: डागांत कॅल्शियम आहे.

“कॅल्शियम म्हणजे काय गं?” केशवरावांनी भाग्यलक्ष्मीला विचारले.

“चुना, काका. पानाला लावतात तो.”

“तो भट्टीत कुठून येणार?”

“मला काय माहीत? तुमच्या मायनं पान खाल्लं असंल,” असे म्हणून ती पुन्हा चाकाकडे वळली. केशवराव मात्र तेथेच उभे राहिले.

प्रणिता आणि किशोर यांनी कारण शोधले. भरण्यापूर्वी पहिला ट्रे हात धुण्याच्या नळाशेजारच्या मेजावर ठेवलेला होता. त्या वसाहतीत बोअरचे पाणी येते. ते इतके क्षारयुक्त असते, की नळाच्या तोंडावर महिन्याभरात पांढरी पुटे चढतात. पाण्याचे शिंतोडे त्या ट्रेवर उडाले असणार, असा निष्कर्ष निघाला. पहिला ट्रे बाद केला. उरलेले तीन ट्रे, म्हणजे तीस तुकडे, मेजापासून दूर होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते निर्दोष दिसत होते. भार देऊन परीक्षा घ्यावी, तर ती तुकडा मोडूनच होते, आणि देहात बसावयाचा तुकडा मोडून पाहता येत नाही. प्रणिताने सोमवारी सकाळी स्वाक्षरी करावी आणि दुपारी पेटी रुग्णालयाकडे रवाना व्हावी, असे ठरले.

रविवारी केशवराव जेवावयास बसले आणि ताटाकडे पाहत राहिले. त्यांची पत्नी चतुराबाई समोर भाकरी घेऊन उभी होती.

“एवढी मोठी भट्टी सांभाळता अन् घरातला गॅस पेटवता येत नै तुम्हाला,” ती म्हणाली. “आता जेवायबी मीच शिकवू का?”

“कुंकू कशाचं करतात गं?”

“हे काय विचारायलाव मधीच?”

“सांग तर.”

“हळदीचं. माझी आई घरीच करायची. हळकुंड भिजवायचं, त्याला चुन्याची निवळी पाजायची, लिंबू पिळायचं, वाळवायचं, कुटायचं. चुना लागल्याबिगर हळद लाल होत नै.”

केशवरावांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी सारे सांगितले: पुडी, चार कोपरे, पहिल्या ट्रेवरचे डाग, पाण्याचे शिंतोडे, सोमवारची पेटी. चतुराबाई ऐकता ऐकता खाली बसली.

“पुडी तर मीच बांधली,” ती म्हणाली. “अफझलगंजाच्या बाजारातून तुमच्याच मायसाठी म्हनून चांगलं बघून आणलं होतं.”

“पाण्यानंच झालं असंल. ताई शिकलेली आहे, तिनं शोधून काढलंय.”

“मग जेवा की.”

ते जेवले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, “चारी कोपऱ्यांत टाकलं मी. एकाच ट्रेला कसं लागंल?”

“तेच मी म्हणायले.”

“सांगितलं तर तेहतीस वर्सांचं नाव जातंय. लोक म्हणतील, म्हातारा भट्टीत कुंकू टाकतो. हसतील.”

“हौ, हसतील,” चतुराबाई म्हणाली. तिने भाकरी झाकून ठेवली. “ज्याच्या मानेत ते बसंल, त्याच्याबी घरी कोनीतरी माझ्यावानी भाकरी घेऊन उभी असंल ना हो. तिला काय ठाव, कोपऱ्यात काय होतं ते? फकस्त तुम्हालाच ठाव आहे. दुसऱ्या कुनाला नै.”

सोमवारी नऊ वाजता प्रणिता आपल्या मेजाशी बसली होती. पुढे तीस तुकड्यांचे कागद होते, आणि लेखणी उघडलेली होती. किशोर समोरच्या खुर्चीवर बसून रुग्णालयाला दूरध्वनी लावीत होते. केशवराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी झगा घातलेला नव्हता, टोपीही नव्हती.

“ताई, सही करू नका,” ते म्हणाले.

प्रणिताने वर पाहिले. किशोर यांनी दूरध्वनी खाली ठेवला.

केशवरावांनी उभ्यानेच सांगितले. त्यांनी कोणतेही निमित्त पुढे केले नाही, आणि आवाज बारीक होऊ दिला नाही. बोलणे संपले तेव्हा त्यांचे दोन्ही हात चौकटीला टेकलेले होते.

किशोर यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. “केशवराव, तुम्ही... मी तुमच्यासाठीच तो फोटो केला होता हो. तुमच्यासाठी.”

“हौ साहेब.”

“जुन्या कारखान्यात सत्तावीस वर्षं लावलंत ना कुंकू? तिथं कधी काही झालं?”

“तिथले इन्सुलेटर खांबावर बसायचे, साहेब. एखादा फुटला तर लाईट जायची.”

मग प्रणिताकडे वळून किशोर जवळजवळ विनवणीच्या स्वरात म्हणाले, “पण पंधराशे डिग्रीत कुंकू राहतं का गं? जळून जातं ना?”

“हळद जळते, सर,” प्रणिता म्हणाली. “चुना जळत नाही. तो उरतो, आणि तुकड्याच्या आत शिरून बसतो. वरून दिसलाच पाहिजे असं नाही. जिथे बसतो तिथे दाणा मोठा होतो, आणि तिथूनच तुकडा फुटतो.”

“म्हणजे तीसही...”

“तीसही.”

पहिल्या पाच रुग्णांच्या तारखा किशोर यांच्या डोळ्यांपुढे होत्या, आणि त्या रुग्णांना दिलेला आपला शब्दही. आपला राग त्यांनी कोणावर काढावा? त्यांनी दूरध्वनी पुन्हा उचलला, रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकांना लावला, आणि शांत शब्दांत सांगितले की ही भाजणी आम्ही बाद केली आहे, दोष आमच्याकडचा आहे, तारखा पुढे न्याव्यात.

प्रणिताने कोरा कागद पुढे ओढला. दोषाचे कारण लिहावयाचे होते. “भट्टीत बाहेरचा पदार्थ गेला, एवढंच लिहिते, केशवकाका,” ती हळूच म्हणाली. “तेवढ्यानं काम होतं.”

“नै ताई. माझं नाव लिहा. ‘भट्टी स्वच्छ’ म्हनून सही माझी आहे; ती खोडायची तर खाली माझीच सही पाहिजे. फक्त एवढं करा. कुंकवाला घाण नका लिहू.”

प्रणिताने त्यांच्याकडे पाहिले, आणि कारणाच्या रकान्यात स्पष्ट अक्षरांत लिहिले: ‘पूजेचे कुंकू, चुनायुक्त. भट्टीप्रमुखांनी स्वतः सांगितले.’ खाली केशवरावांनी स्वाक्षरी केली.

बाद झालेले तुकडे त्या कारखान्यात साक्षीदारांसमोर मोडतात, म्हणजे ते चुकूनही कोणाच्या हाती जाऊ नयेत. त्या दुपारी सर्वजण मागच्या अंगणात जमले. मोडण्याचा मान, मान म्हणावा की दंड, केशवरावांनी मागून घेतला. त्यांनी लोखंडी ऐरणीवर पहिला तुकडा ठेवला, हातोडा उचलला आणि घातला. हातोडा उसळून मागे आला. तुकडा होता तसाच होता. ऐरणीवर मात्र खळगी पडली.

भाग्यलक्ष्मीच्या तोंडून “अय्यो!” निघाले. केशवरावांनी पुन्हा घाव घातला. पुन्हा हातोडा उसळला. आपल्याच हातची ती अभेद्य वस्तू पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे आले, ते पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिले आहे. अभिमान लपविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, आणि डोळ्यांतले पाणीही पुसले नाही.

“असला तुकडा बाद करायचा?” कोणीतरी पुटपुटले.

“बाद करायचा,” केशवरावांनीच उत्तर दिले. “हा चांगला असंल. शेजारचा कसा आहे ते हा सांगत नै.”

तेव्हा तुकडे भार मोजणाऱ्या यंत्राखाली घेतले. पहिल्या ट्रेमधले लवकर मोडले. दुसऱ्या ट्रेमधले दहाही यंत्राची परीक्षा पाहून मग मोडले, आणि प्रत्येक आकड्यासरशी अंगणात कुजबूज उठू लागली की म्हाताऱ्याने उगाच घाई केली. तिसऱ्या ट्रेमधला सातवा तुकडा अर्ध्या भारालाही न पोहोचता कडाडला. चौथ्या ट्रेमध्ये तसे दोन निघाले. प्रणिताने त्यांची मोडलेली मुखे भिंगाखाली धरली. तिन्हींच्या पोटात, बाहेरून कधीही न दिसता, तोच डाग होता.

किशोर यांनी त्यातला एक अर्धा तुकडा तळहातावर घेतला. तो इतका लहान होता, की मूठ मिटली तर कळलेही नसते. “हे आज दुपारी गेले असते,” ते म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी आपली खुर्ची उचलून आणली आणि अंगणात ठेवली. “बसा, केशवराव. सकाळपासून उभे आहात.”

नियम मात्र नियमच राहिला. भट्टीच्या आतले सारे अस्तर काढून नवे बसवावे लागले. जुने अस्तर केशवरावांनी आठ दिवस खपून स्वतःच्या हातांनी उतरविले. भट्टीप्रमुख म्हणून असलेले त्यांचे नाव सहा महिन्यांसाठी काढण्यात आले. किशोर ते सांगताना अडखळले, तर केशवरावच म्हणाले, “लिहून टाका साहेब. भाग्यलक्ष्मी दोन वर्सांपासून माझ्या पाठीशी लागलीय, भट्टी शिकवा म्हनून. आता शिकवायला फुरसत झाली.”

शिकविणे सोपे नव्हते. ती आकडा पाहून सांगे, ते झरोक्यातला रंग पाहावयास लावीत. ती म्हणे, “काका, यंत्र कशाला आहे मग?” ते म्हणत, “यंत्र बिघडलं की तू काय करशील? मला घरी फोन? मी जेवत असेन.” पौषाच्या अखेरीस नव्या अस्तराची परीक्षा झाली. रिकामी भट्टी दोनदा तापविली, आत ठेवलेले नमुने प्रयोगशाळेत पाठविले, आणि कॅल्शियमचा लेशही निघाला नाही. नवी भाजणी भाग्यलक्ष्मीने लावली. तक्त्यावरच्या ‘भट्टी स्वच्छ’ या ओळीपुढे स्वाक्षरी तिची होती. केशवराव दालनाबाहेर, काचेच्या खिडकीशी, स्टुलावर बसून होते. ती झरोक्यातून पाही आणि बोटांनी खूण करून अंदाज सांगे. ते मान हलवीत, कधी होकारार्थी, कधी नकारार्थी. शेवटच्या दिवशी तिने सांगितलेला अंदाज आणि यंत्रावरचा आकडा यांत आठ अंशांचा फरक निघाला.

“माझा दहाचा असतो,” बाहेर आलेल्या भाग्यलक्ष्मीला ते म्हणाले. “उगाच लई शहाणी होऊ नको.”

त्या भाजणीत एकही डाग निघाला नाही. प्रणिताने प्रत्येक तुकडा दोनदा पाहिला आणि मग लेखणी उघडली. तिने स्वाक्षरी केली तेव्हा मेजाभोवती सगळेच होते. पेटी मेणकापडात गुंडाळून किशोर स्वतः गाडीत घेऊन गेले.

माघात पाचही शस्त्रक्रिया झाल्या. महिन्याभराने रुग्णालयातून एक चित्रफीत आली. तिच्यात नाव नव्हते, चेहरा नव्हता. होती फक्त एक मान, क्ष-किरणांत दिसणारी, हालणारी. सात मणके धूसर, आणि त्यांपैकी दोहोंच्या मध्ये एक स्वच्छ, ठळक, शुभ्र रेषा. मान खाली झुकली. सरळ झाली. मग हळूहळू मागे कलली, आणखी कलली, आणि शुभ्र रेषेचे दोन भाग एकमेकांवर अलगद सरकले.

“वर बघायलाय,” केशवराव म्हणाले. “साहेब, तो माणूस वर बघायलाय.”

किशोर यांनी चित्रफीत पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. प्रणिता पडद्याकडे पाहण्याऐवजी केशवरावांकडे पाहत होती. भाग्यलक्ष्मीने आपल्या भ्रमणध्वनीवर ती उतरवून घेतली, आणि म्हणाली, “काका, काकूंना दाखवायला पाठवू का?”

“पाठव. अन् सांग, भट्टी तू लावली होती. नाहीतर तिला वाटंल माझंच काम.”

“सांगते. आणि लावायला कोणी शिकवलं, तेही सांगते.”

पडद्यावर ती अनोळखी मान पुन्हा एकदा मागे कलत होती.

ज्या पाच जणांच्या देहात त्या शुभ्र चकत्या वसल्या आहेत, त्यांच्या माना दीर्घकाळ मोकळ्या राहोत. आपल्या लेकरांकडे वळून पाहताना त्यांना वेदना न होवो. ज्या मुलीने लेखणी उघडून ती थांबविली, जिने भट्टी नव्याने लावली, ज्या मालकाने आपला शब्द मोडून दुसऱ्यांची मान राखली, ज्या गृहिणीने भाकरी झाकून ठेवून खरे तेच सांगितले, त्या सर्वांचे कल्याण असो. आणि ज्या माणसाने दारात उभे राहून “सही करू नका” असे म्हटले, त्याच्या हाताला यश मिळो आणि त्याची झोप सुखाची होवो.